न येणाऱ्यांची यादी

मंगळवारी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी तोरुन आस्पमो आपल्या ग्रानलिया सोसायटीच्या अंगणात उभी राहून वॉफलच्या गरम साच्यात पळीने पीठ ओतत होती. पीठ तिने दहा लिटरच्या बादलीत भिजवलं होतं. सोसायटीत अठ्ठेचाळीस घरं, घरटी दोन माणसं धरली तर शंभराच्या आसपास तोंडं. पाच वाजता वसंतातलं श्रमदान सुरू व्हायचं होतं. हिवाळाभर बर्फावर टाकलेली खडी झाडून काढायची, कुजलेली पानं ओढायची, बाकांना तेल लावायचं आणि तळघरातलं भंगार रस्त्याकडेच्या लोखंडी पेटाऱ्यात नेऊन टाकायचं. भिंतीला टेकवून अठरा दंताळी आणि बावीस झाडू शिस्तीत उभे होते.

ट्रॉन्डहाइममध्ये पाच म्हणजे पाच. पाचला दोन मिनिटं कमी असताना सोसायटीचा अध्यक्ष हाल्गेर रबरी बूट घालून खाली आला, मागोमाग त्याची बायको. मग तळमजल्यावरचं एक जोडपं आलं. ते तीन आठवड्यांपूर्वीच राहायला आले होते आणि त्यांना अजून इथलं काही कळत नव्हतं. सव्वापाच वाजेपर्यंत एकूण नऊ घरांतली माणसं जमली. झाडू माणसांपेक्षा जास्त होते.

हाल्गेरने अंगणावरून एकदा नजर फिरवली.

"तोरुन, एकोणीस वर्षं मी हे बघतोय. एका साली गारा पडत होत्या, तरी बत्तीस घरं उतरली होती. आज तर ऊन आहे."

"हो, ऊन आहे."

"मग आज वेगळं काय आहे?"

वेगळं काय होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. ते दोघांच्याही खिशात होतं.

त्याचं नाव 'दंताळं'. तोरुन आणि तिच्या संघातल्या तिघांनी चार महिने खपून हे मोबाइल अ‍ॅप बनवलं होतं. तोरुनचं वय बावन्न. बाकी तिघांची वयं मिळून बासष्ट.

सत्तावीस वर्षं तोरुनने शहरातली बस चालवली. मग पाठीतली एक चकती सरकली आणि डॉक्टरने तिला स्टिअरिंगवरून कायमचं उठवलं. कल्याण कार्यालयाने दोन वर्षांचं नवं शिक्षण देऊ केलं. पर्याय तीन होते: फुलांची सजावट, दंतवैद्याची मदतनीस आणि संगणक. फुलांच्या वासाने तिला शिंका येतात, आणि लोकांच्या तोंडात डोकावण्याची तिला हौस नव्हती. तिने संगणकापुढे फुली मारली. पहिल्या सहामाहीत तिला वाटे, आपण चुकून दुसऱ्याच्या बसमध्ये चढलो आहोत. दुसऱ्या सहामाहीत वर्गातली पोरं तिला विचारायला येऊ लागली. उत्तरं तिला येत होती असं नाही, पण प्रश्न शेवटपर्यंत ऐकून घेणारी वर्गात ती एकटीच होती.

नगरपालिकेच्या संगणक-मदत कक्षात एक जागा तिच्या नावाने राखून ठेवलेली होती. पत्रात लिहिलं होतं: मेच्या मध्यापर्यंत अभ्यासक्रम उत्तीर्ण झाल्यास जागा आपली, अन्यथा यादीतल्या पुढच्या उमेदवाराची. अभ्यासक्रमातलं आता एकच काम उरलं होतं, संघप्रकल्प. त्याच्या अटी दोन. एक, अ‍ॅप एखाद्या खऱ्या प्रसंगी किमान तीस घरांनी वापरलं पाहिजे आणि ज्याच्यासाठी बनवलं त्याने तसं सही करून दिलं पाहिजे. दोन, प्रत्येकाने एक आत्मपरीक्षणाचं टिपण लिहायचं आणि त्यावर शिक्षक वेमुन्दपुढे तोंडी परीक्षा द्यायची. उत्तीर्ण सगळे मिळून किंवा अनुत्तीर्ण सगळे मिळून.

संघात तोरुनखेरीज तिघं. एस्किलला खरं तर मासेमारीचा खेळ बनवायचा होता. इल्वाने रंग आणि चित्रं केली, आणि अ‍ॅपमधला प्रत्येक शब्द तीन वेळा बदलला. सीवर्ट सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत कमी बोलणारा. अ‍ॅपचा कणा म्हणजे यादीचं पान, ते त्याने लिहिलं. अठ्ठेचाळीस घरांचे क्रमांक, पुढे नावं, त्यांच्यापुढे एकेक ठिपका. हिरवा म्हणजे येणार. करडा म्हणजे येणार नाही, किंवा अजून सांगितलेलं नाही. पान सगळ्यांना दिसणार.

फेब्रुवारीतल्या बैठकीत सीवर्टने ते पडद्यावर दाखवलं होतं.

"हे असं," तो म्हणाला.

"छान आहे," इल्वा म्हणाली.

"छान," एस्किल म्हणाला.

तोरुनला ते खटकलं होतं. पण तिघं खूश दिसत होते, आणि आपण जुन्या वळणाची बाई, असा विचार करून तीही 'छान' म्हणाली. बैठक अकरा मिनिटांत आटोपली.

त्या मंगळवारी संघातले तिघंही अंगणात हजर होते. लोक अ‍ॅप कसं वापरतात याचं निरीक्षण करून नोंदी करणं, हे त्यांचं काम होतं. निरीक्षणाला लोकच नाहीत म्हटल्यावर त्यांनी झाडू उचलले. एस्किलने तेवढ्यात अकरा वॉफल खाल्ली, प्रत्येकावर तपकिरी चीजचा काप ठेवून.

"हे अपयश नाही म्हणता येणार," तो बाराव्याकडे हात नेत म्हणाला. त्याने फोनवर आकडे काढले होते. "आज सकाळपासून सेहेचाळीस घरांनी अ‍ॅप उघडलंय. काहींनी सहा सहा वेळा. वापर प्रचंड आहे."

"कशासाठी उघडलं?" हाल्गेरने विचारलं.

"यादी बघायला."

"आणि यादी बघून काय केलं?"

एस्किलने तोंडातलं वॉफल सावकाश गिळलं. "घरी बसले."

"बरोबर. खाली येण्यासाठी वापरलं असतं, तर मी सही केली असती. वर बसण्यासाठी वापरलं त्याला कशी करू?" हाल्गेरने दंताळं भिंतीला लावून ठेवलं. "पुढच्या मंगळवारी पुन्हा. मेच्या सतराला, राष्ट्रदिनी, अंगणात झेंडा चढतो आणि तो खडीवर चढलेला मला बघायचा नाही. तुमचं ते यंत्र तोवर नीट करा. नाहीतर मी जिन्यात कागद चिकटवतो, कागदाने एकोणीस वर्षं काम केलंय."

निम्म्याहून जास्त पीठ उरलं. तोरुनने ते घरी नेलं आणि बुधवारी सकाळी फेकून दिलं.

त्याच बुधवारी दहा वाजता तळघरातल्या धुलाईघरात तिची गुडलाऊगशी गाठ पडली. गुडलाऊग चौऱ्याऐंशी वर्षांची, चौथ्या मजल्यावरची. इमारत उभी राहिली त्या सालापासून इथे राहणारी. श्रमदान तिने कधी चुकवलं नव्हतं, नवरा गेला त्या वसंतातही नाही. काल मात्र तिच्या नावापुढचा ठिपका करडाच राहिला होता.

"काल बरं नव्हतं का?" तोरुनने विचारलं.

"छान होतं. शब्दकोडं पुरं केलं." गुडलाऊग यंत्रातून चादर ओढत म्हणाली. "पहिल्यांदाच पुरं झालं. एरवी वसंतात माझं ते अर्धंच राहतं."

"पण तू तर दरवर्षी येतेस."

"येते. का येते ते विचार."

"का येतेस?"

"स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगण दिसतं म्हणून. पावणेपाचला मी खिडकीत उभी राहते. खाली दोघं असतात. मग चौघं, मग दहा. जे आलेत तेच दिसतात ना गं खिडकीतून. जे आलेले नाहीत ते कसे दिसणार? मग मला वाटतं, सगळी इमारत उतरली, मीच तेवढी राहिले. की मी बूट घालते." तिने चादरीचं एक टोक तोरुनच्या हातात दिलं. "काल तुझ्या त्या यंत्रात न येणारे दिसले, पोरी. आयुष्यात पहिल्यांदा. आणि किती होते. फ्रोस्ताद येणार नव्हता, ते वर मोठ्याने बोलणारं कुटुंब येणार नव्हतं, धर्मोपदेशकसुद्धा येणार नव्हता. मला इतकं हलकं वाटलं, काय सांगू. मी केक कापला."

दोघींनी मिळून चादरीची घडी घातली. अंगणातला घोटाळा आता तिला लख्ख कळला होता, आणि सीवर्टला काय सांगायचं तेही. फक्त सांगायचं कसं, हे कळत नव्हतं.

बसमध्ये तिने दारू प्यायलेल्या माणसांना शांतपणे उतरवलं होतं. एकदा तर आपल्या शेळीसकट चढलेल्या माणसालाही. पण एकवीस वर्षांच्या मुलाने चार महिने खपून लिहिलेलं पान काढून टाक, असं त्याच्या तोंडावर म्हणायचं, हे वेगळं. त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी तिने संघाच्या गटात एक निरोप टाकला: यादीबद्दल थोडं बोलायचं आहे. तीन अंगठे वर आले. कोणी काही लिहिलं नाही.

शुक्रवारी चौघं उपाहारगृहात भेटले. तोरुनने आधी कॉफी आणली, मग दालचिनीचे रोल आणले, मग हवेबद्दल बोलली. शेवटी एस्किलच म्हणाला, "तोरुन, तू काहीतरी बोलणार आहेस आणि बोलत नाहीयेस. मला घाम फुटलाय."

"यादी काढावी लागेल," तोरुन म्हणाली.

सीवर्ट कपाकडे बघत राहिला. इल्वाने रोलचा एक वळसा सोडवून टेबलावर सरळ करून ठेवला. तोरुनला वाटलं, आता हा उठून जाणार आणि आपल्याबरोबर सगळ्यांचं वर्ष घेऊन जाणार.

"बरं," सीवर्ट म्हणाला.

"बरं म्हणजे?"

"मला ती पहिल्यापासून आवडत नव्हती."

"तूच तर लिहिलीस."

"पहिल्या दिवशी नुसती दाखवली. लिहून बघितलेलं होतं. तुम्ही सगळे छान म्हणालात, मग मला वाटलं, तुम्हाला हवीय." त्याच्यासाठी हे भाषणच होतं. "मी आईलासुद्धा सांगितलं होतं, की हे जरा भयंकर आहे."

"मलाही ती भयंकर वाटली होती," इल्वा म्हणाली. "म्हणून तर मी ठिपके गोल केले. आधी चौकोनी होते."

सगळ्यांनी एस्किलकडे पाहिलं.

"मी बघितलीच नव्हती," एस्किल म्हणाला. "मला मासेमारीचा खेळ करायचा होता."

शुक्रवार दुपार ते सोमवार, हे काम चौघांनी एका टेबलावर बसून केलं. सीवर्टने आपली चारशे ओळींची यादी एका दमात पुसली आणि मग खुर्ची मागे टेकवून पहिल्यांदाच हसला. नव्या अ‍ॅपमध्ये कोण येणार, कोण नाही, हा प्रश्नच नव्हता. 'नाही' असं बटणच नव्हतं. एकच प्रश्न होता: तुमच्या हातात काय देऊ? खाली अवजारांची चित्रं, प्रत्येकापुढे उरलेला आकडा. ज्याने खाली येऊन हातात झाडू घेतला, त्याच्या घराचा क्रमांक आणि झाडू सगळ्यांच्या फोनवर चमकायचा. बाकीच्यांबद्दल अ‍ॅप गप्प. फक्त एक गोष्ट तोरुनने हट्टाने घालून घेतली. चित्रांच्या तळाशी, सगळ्यांत शेवटी, 'गटाराची जाळी' हे काम ठेवलं. ते एकाच माणसाचं होतं.

"ते कशाला?" इल्वाने विचारलं.

"सत्तावीस वर्षं मी बस चालवलीय. शेवटची उरलेली जागा कोणालाच नको असते."

दुसऱ्या मंगळवारी तोरुनने तीनच लिटर पीठ भिजवलं. एकदा हात पोळला होता.

पाचला पाच कमी असताना हाल्गेर खाली आला आणि त्याने दंताळं उचललं. अठ्ठेचाळीस घरांमध्ये फोन एकदम टुणकन वाजले. पाचला चार कमी, नवीन जोडप्याने दोन झाडू घेतले. पुन्हा टुणकन. पाचला दोन कमी असताना चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत एक डोकं दिसलं आणि लगेच नाहीसं झालं. पाच वाजता जिन्याचं दार उघडलं आणि ते पुढची बारा मिनिटं बंदच झालं नाही.

बाकांना तेल लावायचे ब्रश पहिल्या तीन मिनिटांत संपले. त्यांतला एक गुडलाऊगने पटकावला आणि ज्या बाकाला तेल लावायचं त्याच्याच दुसऱ्या टोकावर ती बसून राहिली. पाच वाजून सहा मिनिटांनी हलकी दंताळी संपली. आठ मिनिटांनी झाडू संपले. धर्मोपदेशक घरचा झाडू घेऊन उतरला आणि तोही अ‍ॅपमध्ये मोजला जावा, अशी त्याने एस्किलकडे रीतसर मागणी केली. वर मोठ्याने बोलणारं कुटुंब पाचही जणांसकट आलं आणि खालीही मोठ्याने बोललं. फ्रोस्ताद पाच वाजून अकरा मिनिटांनी, धावत, बुटाचे बंद न बांधता आला. त्याने फोनमध्ये पाहिलं. एकच चित्र उरलेलं होतं.

"हे कोणी केलं?" त्याने जाळीकडे बघत विचारलं.

"तू पाचला आला असतास तर झाडू मिळाला असता," हाल्गेर म्हणाला. त्याच्या आवाजात एकोणीस वर्षांचं समाधान होतं.

वॉफलचं पीठ पाच वाजून वीस मिनिटांनी संपलं. लोकांनी तोरुनला बरंच ऐकवलं. सत्तावीस वर्षं बस चालवलेल्या बाईला माणसं मोजता येऊ नयेत, असं फ्रोस्ताद गटारातून म्हणाला. घरं भरली एकेचाळीस. सात वाजता हाल्गेरने वॉफलच्या टेबलावर कागद ठेवून सही केली. दिनांकही त्याने दोनदा तपासला.

पहिली अट पुरी झाली. राहिलं टिपण, शुक्रवारी दुपारी बाराच्या आत द्यायचं.

टिपणाचा चौथा प्रश्न असा होता: तुमच्या संघाचा सर्वांत चुकीचा निर्णय कोणता, आणि तो कसा घेतला गेला? इल्वा, सीवर्ट आणि एस्किल यांनी गुरुवारीच टिपणं देऊन टाकली. तिघांनीही जवळपास एकच वाक्य लिहिलं होतं: वेळेचं नियोजन आणखी चांगलं करता आलं असतं, संघातला संवाद उत्तम होता. तोरुनने शुक्रवारी सकाळी लिहिलं:

'आम्ही न येणाऱ्यांची यादी बनवली. हा निर्णय कोणी घेतलाच नाही. दोघांना ती भयंकर वाटत होती, तिसऱ्याने ती पाहिलीच नव्हती आणि मला नको होती. प्रत्येकाला वाटलं, बाकीच्यांना हवी आहे. बैठक अकरा मिनिटांत संपली. संघात संवाद नव्हता. अंगठे होते.'

हे तिने पाठवण्याआधी तिघांना वाचून दाखवलं.

"छान आहे," इल्वा म्हणाली.

"हे खरंच छान आहे, की तसलं छान आहे?"

इल्वाने पडदा आपल्याकडे वळवला आणि पुन्हा वाचलं. "तसलं," ती म्हणाली. "आमच्या टिपणांत संवाद उत्तम आहे. तुझ्यात नाहीच आहे. वेमुन्द म्हणेल, तिघं खोटं बोलतायत. किंवा तू."

"मग बदलू?"

"नको," सीवर्ट म्हणाला. "आम्ही आमचं बदलतो." पण दिलेली टिपणं बंद झाली होती, उघडत नव्हती. तोरुनपुढे दोन वाटा होत्या. तिघांसारखं लिहायचं आणि बिनबोभाट सुटायचं, किंवा खरं लिहायचं आणि चौघांचं वर्ष आणि आपली नोकरी वेमुन्दच्या लहरीवर सोडायची. बारा वाजायला तीन मिनिटं कमी असताना तिने आपलं टिपण होतं तसंच पाठवलं. तिला विचारलं तर ती सांगते, की त्यात शौर्य काही नव्हतं. वेळेच्या नियोजनाबद्दल लिहायचं तिच्या जिवावर आलं होतं, एवढंच. सत्तावीस वर्षांत तिची बस दोनदाच उशिरा सुटली होती.

तोंडी परीक्षा बुधवारी झाली. वेमुन्द हा शिक्षक दोन वाक्यांच्या मध्ये इतका थांबतो, की नवी मुलं त्याला झोप लागली असं समजतात. त्याने चार टिपणं टेबलावर शेजारी शेजारी मांडली.

"तीन सारखी आहेत," तो म्हणाला. थांबला. "एक वेगळं आहे." थांबला. "खरं कोणतं?"

इल्वाने आपलं टिपण जरा दूर सरकवलं.

"चौथं," एस्किल म्हणाला.

"चौथं," इल्वा म्हणाली.

सीवर्टने नुसती मान हलवली.

"मग तुम्ही तिघांनी दुसरंच का लिहिलं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. या वेळचं थांबणं वेमुन्दपेक्षाही लांबलं.

"मला वाटलं," सीवर्ट म्हणाला, "बाकीचे दोघं तेच लिहिणार."

वेमुन्दने चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा लावला. मग टिपणांच्या वरच्या कोपऱ्यात त्याने काहीतरी लिहिलं, चारही कागदांवर सारखंच, आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ खांदे हलवत राहिला. चौघांनाही तो रडतोय की काय, असं वाटलं. तो हसत होता.

शुक्रवारी दुपारी निकाल लागला. चौघंही उत्तीर्ण. शेऱ्याच्या चौकटीत वेमुन्दने एकच वाक्य लिहिलं होतं: चौथ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी परीक्षेत संघाने प्रात्यक्षिक करून दाखवलं. एस्किलने ते वाक्य आपल्या अर्जात टाकायचं ठरवलं आहे. अर्ज मासेमारीचे खेळ बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीसाठी आहे. तासाभराने नगरपालिकेतून तोरुनला निरोप आला, सोबत पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक.

आज रविवार. मदत कक्षाचे फोन उद्या सकाळी आठला उघडतात. आठ ते साडेअकरा या रकान्यात, तीन नंबरच्या फोनपुढे, आस्पमो हे आडनाव छापलेलं आहे. पहिला तास बहुतेक पासवर्ड विसरलेल्यांचा असतो.